उलट्या पायांची रांग

"रोवणी सुरू आहे, रोवणी!" तिसाव्या मिनिटाला माईकवरून आवाज आला आणि शामियान्यातली माणसं हसली.

गोंदियाच्या फुटबॉल मैदानावर दरेकसाच्या चार मुली एका रांगेत मागे मागे सरकत होत्या. तोंड चेंडूकडे, पाठ स्वतःच्या गोलकडे, गुडघे किंचित वाकलेले. चौघींची पावलं एकाच वेळी पडत. चिखलात धानाचं रोप लावत मागे सरकणाऱ्या बाया अशाच दिसतात. माईकवाल्या टिंकूचं निरीक्षण चुकलं नव्हतं.

हसणं रांगेतल्या नीतूच्या कानावर गेलं. ती रांग सोडून थेट चेंडूवर धावली. तिच्या रिकाम्या जागेतून प्रतिस्पर्धी तिरोड्याची नऊ नंबर आत शिरली आणि दरेकसाची आघाडी गेली. एक-एक.

मध्यंतराला जिल्हा संघटनेचे सचिव दुर्गाप्रसादजी खुर्ची सोडून खाली आले. दरेकसाचा प्रशिक्षक सुकराम मडावी मुलींना पाणी देत होता.

"सुकराम, ये मैदान है, धानाची बांधी नाही," सचिव म्हणाले. "सगळी दुनिया जशी खेळते तसं खेळव. एकेकीनं एकेकीला धरायचं. बरोबरी राहिली तरी तुम्ही नागपूरला जाता. हरलात तर सोमवारपासून दरेकसाचं प्रशिक्षण केंद्र बंद. मी वर काय तोंड दाखवू?"

"याच पद्धतीनं खेळतील, जी."

"नऊ वर्षं कोलकात्यात स्टॉपर होतास तू. तिथं हेच खेळलास का?"

"हेच खेळलो."

"कधी ऐकलं नाही."

"सांगितलंच नाही त ऐकाल कसे?" सुकराम बाटलीचं झाकण लावत म्हणाला. "पेपरवाले इचारत, ही लाइन कोणी शिकवली. मी एका गोऱ्या कोचचं नाव सांगून देत होतो. त्याले मी कधी पाहिलंबी नव्हतं."

"काऊन, सर?" नीतूनं विचारलं.

"लाज वाटे."

"मग तीच लाज आज थोडी ठेव," सचिव म्हणाले. "अख्खं गोंदिया हसत आहे."

"नऊ वर्सं पुरली, जी. आता नाही उरली."

"सोमवारी ऑफिसात ये. केंद्राची चाबी घेऊन," एवढं बोलून सचिव शामियान्याकडे वळले.

नीतूचं नाक लाल झालं होतं.

"लोक हासून राहिले, सर."

"हासू दे. त्याईच्या ताटातला भात उलट्या पायानंच आला. तू माईक कायले ऐकतेस? दिव्याले ऐक. तिनं कंबर म्हटलं का सरळ व्हायचं, तिथंच थांबायचं. मांगं पाहायचं नाही."

दिव्या कर्णधार होती. तिनं नीतूच्या पाठीवर एक चापट मारली. "पुन्हा पळालीस त चिखलात गाडीन तुले."

उत्तरार्धात शामियान्याला रंग चढला. "ए, रोवायचे पऱ्हे संपले का?" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्यानं गवताची मूठ उपटून मैदानात फेकली. टिंकूनं माईकवरून रोवणीचं गाणं धरलं, दोन ओळींनंतर त्याला शब्द आठवेनात. चौघींनी पावलं मोडली नाहीत. रेषेबाहेर सुकराम त्यांच्याबरोबर मागे मागे चालत होता. त्याचा डावा गुडघा दोन शस्त्रक्रियांनंतर पुरता वाकत नसे. तो पाय तो ओढत नेत होता.

शेवटचं मिनिट. तिरोड्याची नऊ नंबर नीतूच्या बाजूनं सुटली. चेंडू अजून तिच्या मैत्रिणीच्या पायाशी होता.

मागे. मागे. मागे.

"कंबर!" दिव्या ओरडली.

चौघी एकदम थांबल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. नऊ नंबरला थांबता आलं नाही. ती चौघींना ओलांडून गेली आणि मग चेंडू सुटला. तिनं तो एकटीनं अडवला, एकटीनं जाळ्यात मारला. तिरोड्याच्या राखीव पोरी नाचत मैदानात आल्या. शामियाना उभा राहिला. नीतू जागची हलली नाही. तिनं मागे पाहिलं नाही. बाजूला रेषेबाहेर सुकराम होता, त्याचा चेहरा तेवढा ती पाहत होती.

तो रेषेच्या टोकाकडे पाहत होता. तिथं सहायक पंचाचा झेंडा वर गेला होता.

ऑफसाइड, गोल रद्द. एक-एक. शिट्टी.

शामियान्यातून टाळ्या आल्या, आधी थोड्या, मग बऱ्याच. टिंकू माईकची वायर ओढत खाली धावत आला. दुर्गाप्रसादजी खुर्चीत बसूनच होते.

"सरजी, कमाल!" टिंकूचा आवाज मैदानभर घुमला. "ये सिस्टम आणली कुठून? कोच कोण होते, पब्लिकला सांगा ना."

सुकरामनं माईक हातात घेतला. शामियाना शांत होईपर्यंत तो थांबला.

"बायजाबाई मडावी."

"कोणत्या क्लबच्या?"

"माही माय हाय. दरेकसाची."

"अरे वा! आल्या आहेत का? इथं बोलावू, सत्कार करू."

"नाही आली."

"का बरं?"

सुकरामनं माईक तोंडाजवळ नेला.

"रोवणी सुरू आहे."