गुडघाभर पाणी

"साहेब, पाणी गळ्याएवढं आहे," टायग्रिस नदीच्या फाट्याची टेहळणी करून आलेला हवालदार तुळाजी काळंगे म्हणाला. गोऱ्या मेजरनं नकाशावरचा नदी ओलांडायचा उतार खोडला आणि पलटणीला वाळवंटातून वळसा घ्यायचा हुकूम दिला.

पाणी खरं तर गुडघाभरच होतं. पण पलीकडे अरबांची वस्ती होती. मागच्या महिन्यात काळंग्यानं असाच एक उतार शोधून दिला होता, तेव्हा पलीकडच्या म्हातारीनं त्याला ताक पाजलं होतं. दुसऱ्या दिवशी पलटणीनं तिची वस्ती जाळली.

बसऱ्यापासून चालून सगळे आधीच थकलेले. भर उन्हात शेजारचा शिपाई कण्हला, "हवालदार, या उन्हापरीस नदीत बुडून मेलेलं बरं."

काळंग्याला त्याच्याकडे बघवेना. त्यानं शिपायाची बंदूक आपल्या खांद्यावर घेतली.