स्पीकर कानानेच घ्यायचा

ईश्वर वीस वर्षं मिरवणुकांत डीजे लावतोय. धंद्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो दटावायचा, "कागदावरचे आकडे म्हणजे निव्वळ फेकाफेक. स्पीकर कानानेच घ्यायचा!"

आज मात्र बायकोला, गिरिजाला, सोबत घेऊन तो केबिन रोडच्या दुकानात आला आणि माहितीपत्रकातल्या वॅट-डेसिबलच्या आकड्यांवरून बोट फिरवत बसला. दुकानदाराने एकामागोमाग तीन स्पीकर दणदणून वाजवले. काउंटरची काच थरथरली. गिरिजाने कानांवर हात दाबले. ईश्वरने कागदावरून मान वर केली नाही.

"सेठ, किसका साउंड अच्छा लगा?" दुकानदाराने विचारलं.



गिरिजाने तो प्रश्न मोबाईलवर टाईप केला आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरला.