डाव्या चाकाखालचं लिंबू

“इंदे, लिंबू आणलंस नव्हं?” हेल्मेट काखेत घेऊन आलेल्या बावीस वर्षांच्या रेवती घाटगेनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. “माफ करा आजी. आजोबांचं बोलणं तोंडात येतंय.”

इंदुमतीबाईंना हसावं की रागवावं कळेना. याच मैदानावर त्यांचा नवरा बत्तीस वर्षं अशीच हाक मारायचा. स्टॉक कार मोटारींच्या एकसष्ट शर्यती त्यानं जिंकल्या. निवृत्त होताना संघानं त्या सगळ्या आठवणी त्याच्या डोक्यातून काढून घेतल्या आणि यंदा रेवतीच्या डोक्यात घातल्या. आज तिची पहिली शर्यत होती.

बाकावरून त्यांचे यजमान धोंडीराम कुजबुजले, “ही पोरगी कोण गं? तुला इंदे म्हणती!”

“तुमची गाडी चालवते ती.”

“माझी कसली गाडी? मला सायकलसुद्धा धड येत नाही.”

बाईंनी पिशवीतून लिंबू काढलं, पण पाऊल पुढे पडेना. नवऱ्याखेरीज कुणाच्या चाकाखाली त्यांनी ते कधी ठेवलं नव्हतं.

“डाव्या चाकाखाली,” रेवती हळूच म्हणाली. “उजव्याखाली ठेवलंत, त्या वर्षी आपण भिंतीवर आदळलो.”

ही गोष्ट फक्त नवरा-बायकोला ठाऊक होती. बाईंनी वाकून लिंबू ठेवलं.

गाडी सुटली, लिंबू चिरडलं. त्याच क्षणी बाकावर धोंडीरामांचा उजवा पाय, जणू खाली अ‍ॅक्सिलरेटर असावा तसा, जमिनीवर घट्ट दाबला गेला. ते गोंधळून त्या पायाकडे बघत राहिले.

इंदुमतीबाईंनी नेहमीसारखा हात वर केला. तो गाडीकडे हलवायचा की बाकाकडे, हे त्यांना ठरवता येईना.