मागचा हिरवा रंग

"एवढे पैसे मोजून मागचं दिसेनासं होतं? मग आधीची लेन्स काय वाईट होती? तिच्यात मी तरी दिसायचे," कॅमेऱ्याची नवी लेन्स घरात आली त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या. "अहो आई, मागचं पुसट होतं त्याचेच तर पैसे!" म्हणत सुनेने ते हसण्यावारी नेलं.

लेक पहिल्यांदा कशालाही न धरता उभी राहिली, तेव्हा नवरा कॅमेरा घेऊन फरशीवर पालथा पडला. "आई, जरा मागे हो ना, मध्ये येतेस," तो खेकसला. सासूबाई मागे सरकल्या. त्याने तिथल्या तिथे एक फोटो सगळ्यांना पाठवूनही दिला. दोघं बाकीचे बघण्यात असे रंगले, की सून पाणी आणायला उठली तेव्हा कुठे तिला सासूबाई कपाटापाशी पडलेल्या दिसल्या.

"कधी पडल्या?" डॉक्टरांनी विचारलं. दोघांनाही सांगता येईना. "पक्षाघात आहे. लवकर आणलं असतं, तर बोलणं तरी शाबूत राहिलं असतं."

दवाखान्याच्या बाकावर नवऱ्याचा अंगठा फोनवर चालूच होता. "बघ, लोक काय म्हणतायत! मागचा हिरवा रंग कसा विरघळलाय, लेन्सचे पैसे वसूल!"

सुनेने फोटो पाहिला. तिला त्याची, स्वतःची, त्या कौतुकाचीही शिसारी आली. तिने फोटोखाली लिहिलं:

"तो हिरवा रंग म्हणजे खाली कोसळलेल्या आमच्या सासूबाईंचा गाऊन आहे. फोन ठेवा, आणि तुमची आई कुठे आहे ते आधी बघून या."