पटावरची हजेरी
जळून मेलेल्या मुलीच्या बापाचं पत्र तीन वर्षं मास्तरांच्या पुस्तकात खुणेसारखं, उत्तराविना पडून होतं. “गुरुजी, कारखानदार कोर्टात तुमचा हजेरीपट दाखवतो. म्हणतो, आगीच्या दिवशी पोर शाळेत होती. मग कारखान्यात जळाली ती कोण?” पोरीने सहामाहीनंतर शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं; पण हेडमास्तरांनी बजावलं होतं, “हजेरी घसरली तर शाळेला टाळं. लिहा हजर, कोणाचं काय जातंय?” मास्तर रोज ‘हजर’ लिहीत राहिले. आता खटल्याचा निकाल जवळ आलेला. पाचवा कागद फाडल्यावर बायको म्हणाली, “अहो, जन्मभर निबंध शिकवलेत, चार ओळी जमेनात?” “जमल्या तर तुरुंगात जाईन.” “स्वेटर काढून ठेवते.” मास्तरांनी लिहिलं, “ती शाळेत नव्हती. पटाचं पुढचं पान कोर्टाला दाखवा. आगीनंतरही आठवडाभर ती हजर आहे. तेही मीच लिहिलं.” पाकीट टपालपेटीत पडल्याचा आवाज आला.