प्रतापनगरच्या पुष्पलताबाईंसाठी

चिठ्ठी पुन्हा आली होती.

उपासनेआधी पंकजनं प्रार्थनेची पेटी टेबलावर रिकामी केली, तर तीच सगळ्यात वर. वहीचा फाडलेला कागद, निळी शाई, थरथरतं अक्षर. 'प्रतापनगरच्या पुष्पलताबाईंसाठी प्रार्थना करावी. बरं नाही.'

पंकजनं ती दोनदा वाचली. तो या मंडळीचा पाळक, आणि मागच्याच रविवारी त्यानं भर उपासनेत सांगितलं होतं की पुष्पलताबाई प्रभूत निजल्या. सगळे दोन मिनिटं उभे राहिले होते.

त्यानं चिठ्ठी खिशात कोंबली.

मंडळीची रीत जुनी. चर्चच्या दाराशी लाकडी पेटी. ज्याला प्रार्थना हवी त्यानं येताना चिठ्ठी टाकायची आणि पंच मनोहररावांनी ती समोर उभं राहून वाचायची. अकरा वर्षं ते वाचत होते, एका दमात, स्टेशनवर गाड्या सांगतात तसे. यादी संपली की सगळ्यांचं मिळून आमेन, आणि मग माना घड्याळाकडे. घरी मटण शिजत असायचं ना!

पुष्पलताबाईंचं नाव तर इतकी वर्षं येत होतं की ते कोणाच्या कानात शिरतही नव्हतं. पंकज वर्षापूर्वी इथं आला, तेव्हा त्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "यांना झालंय काय?"

"बिमार आहेत नं," मनोहरराव म्हणाले. "तुम्ही काहून टेन्शन घेता, साहेब? प्रार्थना सुरूच आहे."

पंकजला ते लागलं. त्याची आई मौदा गावात आजारानं वारली, तेव्हा तिच्याही मंडळीत दर रविवारी तिचं नाव घेतलं जात होतं. घरी मात्र कोणी फिरकलं नव्हतं. पंकजही नाही; तो तेव्हा पुण्याला पाळकाचं शिक्षण घेत होता. तेव्हापासून त्यानं मनाशी एकच धरलं होतं, आपल्या यादीतलं माणूस असं एकटं जाऊ द्यायचं नाही.

धरलं खरं, पण प्रतापनगरला जायला वर्ष लागलं. आज लग्न, उद्या मीटिंग. शेवटी एका रविवारी उपासना संपल्या संपल्या तो निघाला. दाराशी भराभर सगळ्यांचे हात हातात घेतले. मागच्या बाकावरची म्हातारी नेहमीसारखी गायनपुस्तकं नीट रचत मागं राहिली होती. तिलाही जाता जाता "कशा आहात? प्रभू बरं करो" म्हणून झालं, आणि त्यानं स्कूटरला किक मारली.

पाण्याच्या टाकीमागं दोन खोल्यांचं घर विचारत विचारत सापडलं. दाराला कुलूप. अंगण तेवढं स्वच्छ झाडलेलं होतं. दहा मिनिटं उन्हात उभं राहून तो परत आला.

संध्याकाळी पंचांच्या बैठकीत त्यानं हे सांगितलं.

"कुलूप? मग गेल्याच त्या," मनोहरराव म्हणाले. "हो, आठवलं! तुम्ही यायच्या आधीच्या पावसाळ्यात. मीच तं होतो मातीले. यादीत जुनीच चिठ्ठी राहून गेली असन."

"हो, हो, गेल्या नं," बाकीच्यांनीही माना हलवल्या. कोणी पुढं काही विचारलं नाही. पंकजनंही नाही. जायला आपणच वर्ष लावलं, याची त्याला लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी मात्र तो कडाडला. "आपण मेलेल्या बाईच्या आरोग्यासाठी प्रार्थना करत होतो! आपली प्रार्थना मेली, आपलं चर्च मेलं. जागे व्हा!" पुढच्या बाकावरच्या मायाबाई हुंदके देऊन रडल्या. मनोहररावांनी चष्मा पुसला. अशी उपासना कित्येक वर्षांत झाली नाही, असं सगळे म्हणाले आणि जेवायला घरी गेले.

आणि आठ दिवसांत ही चिठ्ठी!

"भुताले पेन कुठून भेटते हो?" त्याची बायको ऋतुजा म्हणाली. म्हणाली खरी, पण तिलाही हसू आलं नाही. "कोणी मजा करून राहिलं असेल."

"अक्षर तेच आहे, ऋतुजा."

आठवडाभर पंकजला घास गोड लागला नाही. अंघोळ करताना, भाजी आणताना, ती थरथरती अक्षरं डोळ्यांपुढून हलेनात. आईनंही कोणाच्या हाती अशी चिठ्ठी पाठवली असेल का? मेलेलं माणूस अजून प्रार्थना मागत असेल, तर आपण कसले पाळक? चर्चमध्ये एकटं शिरायचीही त्याला भीती वाटू लागली.

त्या रविवारी तो तासभर आधीच आला आणि वेदीशेजारच्या पडद्याआड उभा राहिला. इथून पेटी समोर दिसत होती.

मायाबाई आल्या, मनोहरराव आले. पेटीकडं कोणी पाहिलंही नाही. सगळ्यात शेवटी मागच्या बाकावरची म्हातारी आली. पायरीवर दम घेतला. बटव्यातून घडी केलेला कागद काढला.

पंकज धावतच पुढं आला. "आजी, थांबा! ही चिठ्ठी तुम्ही टाकता?"

म्हातारी दचकली. कागद तिनं मुठीत धरला.

"पुष्पलताबाई तुमच्या कोण? अहो, त्या गेल्या ना?"

तिनं कागद पेटीत सरकवला आणि त्याच्याकडं पाहिलं. वर्षभर दर रविवारी त्यानं तिचा हात हातात घेतला होता.

"ते नाव यादीतून काढू नका, बापू," ती म्हणाली. "आठवड्यातून एकडाव कोणी घेते ते."

"पण आजी, आम्ही सगळे तर..."

"हो नं. दोन मिनिटं सगळे उभे झाले, तं मीबी झाली. माह्याचसाठी होतं, बसून कशी राहू?"