बरा आहेस ना?

अझोर्समधल्या एका बेटावर, परदेशी लष्करी तळावरची जुनी इंधनटाकी आज कापायची होती. विषारी गाळ उपसण्याचं कंत्राट असलेल्या टोळीत अमान्सियो सर्वांत जुना, म्हणून ‘टाकी रिकामी’ असं त्यानेच जाहीर करायचं.

टोळीचा रिवाज साधा होता. बाहेरच्याने पत्र्यावर तीनदा ठोकायचं: बरा आहेस ना? आतल्याने दोनदा: बरा आहे. उत्तर आलं नाही, तर विचारणाऱ्याने ताबडतोब त्याच्यापाशी धावत जायचं.

दोन वर्षांपूर्वी याच टाकीत अमान्सियोचा धाकटा भाऊ तेल्मो उतरला होता. वीस मिनिटं दोन-दोन ठोके नीट येत राहिले, म्हणून अमान्सियो बाहेरच थांबला. डॉक्टर म्हणाले, विषारी वाफेने तो पहिल्या पाच मिनिटांतच गेला होता.

“दादा, कापू का?” कटर घेऊन उभा असलेला टोळीतला दुआर्ते ओरडला. “की टाकीशी लग्न लावताय?”

“थांब रे, टवाळा. सगळे बाहेर आलेत?”

“सातच्या सात! झाकणसुद्धा आवळलंय.”

सवयीने अमान्सियोने मूठ उचलली. ती पत्र्याला लागण्याआधीच आतून ठोके आले. दोन नव्हे, तीन.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. दोनदा ठोकलं की झालं, एवढंच खोटं बोलायचं होतं. पण त्याने न ठोकताच मूठ खाली घेतली.

आतून पुन्हा तीन ठोके आले. मग शांतता.

मग झाकणाचा पहिला बोल्ट हळूहळू फिरू लागला.